जुन्या धाटणीचा हॉट रॉड रोडस्टर: जाणकार त्यात नेमकं काय पाहतात?

तुमचा प्रश्न इतर वाचकांसाठी थोडक्यात मांडतो. लॉस एंजेलिसजवळच्या एका मेळाव्यात तुम्ही एक काळा हॉट रॉड रोडस्टर पाहिलात, म्हणजे वेगासाठी बदलून बांधलेली जुनी उघडी गाडी. मडगार्ड नाहीत, टप नाही. बॉडी 1929 च्या फोर्ड मॉडेल एची, खाली 1932 च्या फोर्डची चॅसी, इंजिन फ्लॅटहेड व्ही-8 (सपाट हेडचं, आठ सिलिंडरचं) आणि त्यावर तीन कार्बोरेटर. इंजिन 276 घन इंचांचं आहे असं मालकाने सांगितलं. शेजारी त्याच आकाराची दुसरी गाडी होती, तिला आजचं इंजिन, डिस्क ब्रेक, एसी, आणि ताकद तिप्पट. तरीही जुनीजाणती माणसं सगळी काळ्या गाडीभोवती, त्यातली काही गुडघे टेकून पुढचा ॲक्सल न्याहाळत होती. तुम्ही मेकॅनिकलचे विद्यार्थी, म्हणून विचारता: कमी ताकदीच्या, जुन्या भागांच्या गाडीत कौतुक करण्यासारखं काय आहे? की हा नुसता जुन्याचा सोस?

सोस नाही. मी बरीच वर्षं दक्षिण कॅलिफोर्नियात अशाच गाड्यांच्या चॅसी आणि इंजिनांची कामं करतो. तुम्ही पाठवलेले फोटो मोठे करून मी एकेक जागा पाहिली. गाडी फार चांगली झाली आहे, आणि का झाली आहे ते इंजिनिअरला पटेल अशा पद्धतीने सांगता येतं.

पारंपरिक रोडस्टर बांधणारा माणूस पाना हातात घेण्याआधी एक साल ठरवतो. 1940 असेल, 1950 असेल, 1957 असेल, पण एकच. त्या सालानंतर निघालेला कुठलाही भाग गाडीत येऊ द्यायचा नाही, आणि त्या काळच्या पोरांनी जसं काम केलं असतं तसंच करायचं. तुम्ही पाहिलेली गाडी माझ्या मते 1950 ची आहे. मागचे दिवे 1939 च्या फोर्डचे, थेंबाच्या आकाराचे. गिअरचा दांडा जमिनीतून वर आलेला, तोही 1939 च्या गिअरपेटीचा. इंजिनचा ब्लॉक 1948 पर्यंतचा, कारण डिस्ट्रिब्युटर (सिलिंडरांना ठिणगी वाटणारा भाग) अगदी समोर, कॅमच्या टोकावर बसलेला दिसतो. 1948 चे ट्रक आणि 1949 च्या मोटारींपासून फोर्डने तो उभा करून बाजूला नेला. आणि 276 घन इंच म्हणजे आत 1949 पासूनच्या मर्क्युरीचा (फोर्डच्याच दुसऱ्या गाडीचा) 4 इंच स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टनला 4 इंचांचा पल्ला देणारा, क्रँक असणार. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, 3 पूर्णांक 5/16 इंच धरून हिशोब करा, बरोबर 276 येतात. म्हणजे 1949 च्या आधी ही गाडी बनूच शकली नसती, आणि 1950 नंतरचं तिच्यात मला काही सापडलं नाही. गुडघे टेकलेली माणसं हेच तपासत होती.

एकदा साल ठरलं की मार्ग बंद होत जातात. ब्रेक कमी पडतात? डिस्क लावता येणार नाही. इंजिन तापतं? विजेचा पंखा नाही. गाडी उंच वाटते? बाजारातून तयार सस्पेन्शन आणता येणार नाही. प्रत्येक अडचण त्या काळच्या भंगारात जे मिळत होतं त्यातूनच सोडवायची. शेजारच्या नव्या गाडीत हवा तो भाग कॅटलॉगमधून मागवून बोल्टने जोडता येतो. तीही मेहनत आहे, मी कमी लेखत नाही, पण तिथे बांधणाऱ्याला निवड करावीच लागत नाही.

हे भाग कुठून आले ते समजल्याशिवाय गाडी समजत नाही, म्हणून थोडा इतिहास.

लॉस एंजेलिसच्या उत्तरेला मोहावे वाळवंटात म्युरॉक, एल मिराज, रोझामंड, हार्पर अशी कोरडी तळी आहेत. पाणी आटलं की तळ मैलोनमैल सपाट आणि कडक. तिथे तरुण पोरं तिसाच्या दशकापासून जुन्या गाड्या पळवायची. 1937 मध्ये त्यांच्या क्लबांनी सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन केली आणि वेळ मोजून, नियम लावून शर्यती सुरू झाल्या. सुरुवातीची बरीच वर्षं या संघटनेत उघड्या गाड्यांनाच जागा होती, कूपे वगैरे बंद गाड्यांना नाही. म्हणून रोडस्टर. तो हलका, शिवाय जुना घेतला तर स्वस्त, कारण खिडकीच्या काचा नाहीत, पाऊस आला की आत पाणी. कॅलिफोर्नियाच्या हवेत ते चालून जायचं.

त्यात 1932 साली हेन्री फोर्डने मोठीच गोष्ट केली. एका तुकड्यात ओतलेला व्ही-8 ब्लॉक, 221 घन इंच, 65 अश्वशक्ती, आणि तो असलेला रोडस्टर पाचशे डॉलरच्या आत. तोवर आठ सिलिंडर ही श्रीमंतांची चैन होती. दहा वर्षांत त्या गाड्या भंगारात आल्या आणि त्यांच्यासोबत नंतरच्या फोर्ड, मर्क्युरी, लिंकनही आल्या. फोर्डचा स्वभाव असा की वर्षानुवर्षं मूळ मांडणी तीच ठेवायची: आडवे पाटे, तशाच मापाचे स्पिंडल (चाक ज्यावर फिरतं ते खुंटे), तशीच गिअरपेटी. त्यामुळे 1940 चे ब्रेक 1932 च्या ॲक्सलवर थोड्या खटपटीने बसायचे. हा रोडस्टर नावाचा प्रकार जन्मला तो या अदलाबदलीतून.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शर्यती बंद पडल्या. पण त्याच वर्षांत बरबँकच्या लॉकहीडमध्ये, सांता मोनिकाच्या डग्लसमध्ये हजारो तरुण लेथ, वेल्डिंग, ॲल्युमिनियमची ओतकामं शिकले. ते आणि सैन्यातून परतलेले, दोघांच्या हातात कसब होतं आणि खिशात थोडे पैसे. 1948 च्या जानेवारीत या छंदाचं पहिलं मोठं मासिक निघालं, 1949 च्या ऑगस्टमध्ये युटाच्या बॉनव्हिलमधल्या मिठागरावर पहिला स्पीड वीक झाला. म्हणूनच 1946 ते 1952 या सहा-सात वर्षांतल्या गाड्यांना आजही एवढा मान आहे.

आता गाडीकडे येऊ. जाणकार आधी इंजिन बघत नाहीत. ते वीस पावलं लांब उभे राहतात आणि बाजूने आकार बघतात.

1932 ची चॅसी का? मॉडेल एच्या गाडीला स्वतःची चॅसी होतीच की. कारण असं की 1932 च्या आधी फोर्डची चॅसी पत्र्याच्या पट्टीमागे लपलेली असायची. ती साधी, बारीक, दिसण्यासाठी बनवलेलीच नव्हती. 1932 मध्ये फोर्डने चॅसीची बाहेरची बाजूच उघडी ठेवली आणि तिच्यावर पुढून मागपर्यंत एक उठावदार रेघ ठोकली. परिणाम असा की मडगार्ड आणि पायफळ्या काढून टाकल्या तरी ही गाडी सोललेली वाटत नाही, तिला खालून एक पूर्ण रेषा मिळते. मॉडेल एच्या चॅसीवरून मडगार्ड काढून बघा, गाडी अर्धवट कपड्यात उभी असल्यासारखी दिसते. दुसरं, 1932 चा व्हीलबेस 106 इंच, मॉडेल एचा 103.5. हे अडीच इंच नाकाला मिळतात, आणि रोडस्टरला लांब नाक शोभतं. तिसरं, ती चॅसी व्ही-8 साठीही घडवलेली आहे, इंजिन त्यात मुळातल्या जागी बसतं.

पण 1929 ची बॉडी त्या चॅसीच्या लांब पट्ट्यांवर सरळ बसत नाही. बॉडीच्या खालच्या कडेचा बाक वेगळा, पट्ट्यांच्या वरच्या कडेचा वेगळा. नवखा माणूस बॉडी वर ठेवतो, बोल्ट मारतो आणि मधली फट रबराने बुजवतो. तुमच्या फोटोत दारापासून मागच्या चाकापर्यंत ती रेघ पाहा. फट सगळीकडे सारखी, नखाएवढी. यासाठी बॉडीच्या खालची पूर्ण चौकट सोडवून पुन्हा घडवावी लागते, मागच्या चाकाजवळचा बाकही कापून पुन्हा बसवावा लागतो. महिनोन्महिन्यांचं हे काम कोणाच्या नजरेत भरत नाही, आणि तिथेच माझ्या मते या गाडीचा सगळ्यात मोठा गुण आहे.

पुढे 1932 चीच रेडिएटरची खोळ आहे, पण उंची कमी केलेली. मूळ उंचीत ती मॉडेल एच्या काउलपेक्षा (काचेपुढच्या बॉडीच्या भागापेक्षा) वर येते आणि बोनेट पुढे चढ चढल्यासारखं दिसतं. इथे खालून दोनेक इंच कापली आहे. त्यामुळे बोनेटची रेघ काउलपासून पुढे किंचित उतरते. काचही खाली घेतली आहे, पण बेताने. काही लोक काच इतकी छोटी करतात की चालवणाऱ्याचं कपाळ तिच्या वर येतं.

मग ठाण, म्हणजे गाडीची उभी राहण्याची ढब. मागे 7.50-16 चे टायर, पुढे 5.50-16. मोठं मागचं चाक म्हणजे एका फेरीत जास्त अंतर, त्यामुळे तळ्यावर तेवढ्याच आरपीएमला जास्त वेग. पुढे लहान टायर म्हणजे वजन कमी आणि हवेला आडकाठी कमी. त्यातून गाडी पुढे झुकते. शंकरपटात सुटण्याआधी बैल जसा मान खाली घालून जोर धरतो, तसं हे झुकणं हवं. याहून जास्त झालं तर गाडी नाकावर पडल्यासारखी दिसते, कमी झालं तर बसकी. या गाडीला ते नेमकं साधलं आहे. चाकं साधी 16 इंची लोखंडी, लाल रंगाची, मध्ये फोर्डची टोपी. क्रोमची चमकणारी चाकं लावायचा मोह झाला असणार, तो आवरला याचं कौतुक.

आता तो ॲक्सल, ज्याच्यासाठी माणसं गुडघे टेकली होती.

गाडी पुढून खाली आणायची तर पाटे मऊ करून उपयोग नाही, खड्ड्यात ॲक्सल चॅसीवर आदळेल. जुना उपाय असा: फोर्डचा मूळचा घडीव आय-बीम ॲक्सल भट्टीत तापवून त्याची दोन्ही टोकं वर ओढायची, म्हणजे मधला भाग तिथल्या तिथे खाली येतो. दोन ते तीन इंच. हे काम करणारे नामांकित लोहार त्या काळी लॉस एंजेलिस आणि सॅन दिएगो भागात होते. ओढलेला ॲक्सल टोकाजवळ थोडा बारीक होतो. तो बाक डावीकडे-उजवीकडे सारखा आहे का, आणि किंगपिनचा (पुढचं चाक ज्याभोवती वळतं त्या खिळीचा) कोन बिघडलेला तर नाही ना, हे डोळ्याने तपासावं लागतं. शिवाय ॲक्सल खाली आला की स्टिअरिंगचे हात विशबोनला (ॲक्सल धरून ठेवणाऱ्या दांड्याला) अडतात, म्हणून तेही तापवून वाकवायचे, आणि वाकवताना वळणातली दोन्ही चाकांची भूमिती सांभाळायची. फोटोत टाय रॉड (दोन्ही चाकं एकत्र वळवणारा दांडा) विशबोनच्या खालून मोकळा जातो आहे, दोन्ही बाजूंना सारखं अंतर ठेवून. हे झकास जमलं आहे.

आणि एक बारकावा मला फार आवडला. विशबोन म्हणजे ॲक्सल मागून धरून ठेवणारा इंग्रजी व्हीच्या आकाराचा दांडा, त्याचं टोक गाडीच्या मधोमध एका गोळ्यावर टेकलेलं असतं. बहुतेक लोक तो मधून कापतात आणि दोन्ही टोकं चॅसीला बाजूला जोडतात, कारण दुसरं इंजिन किंवा दुसरी पेटी बसवली की मधली जागा अडते. पण तसं केलं की एक चाक वर चढताना ॲक्सलला पीळ बसतो. आय-बीम तो पीळ थोडाफार सोसतो. 1937 पासून छोट्या व्ही-8 गाड्यांना आलेला नळीचा ॲक्सल सोसत नाही, तिथे सगळं अडकून बसतं. या गाडीत फ्लॅटहेड आणि 1939 ची पेटी आहे, म्हणजे मध्ये जागा मोकळी आहे, आणि बांधणाऱ्याने विशबोन कापलेलाच नाही. सगळे कापतात म्हणून आपणही कापावा, असं याने केलं नाही. गरज काय आहे ते ओळखून थांबणं मला कुठल्याही क्रोमपेक्षा मोठं वाटतं.

मागे फोर्डचा आडवा पाटा आणि बंद नळीतला ड्राइव्ह शाफ्ट आहे. मधोमध टेड हॅलिब्रँडच्या कारखान्यातला क्विक-चेंज. मागचं झाकण काढून दोन गिअर बदलले की चाकांकडे जाणाऱ्या गिअरचं अंतिम प्रमाण बदलतं, आख्खा ॲक्सल खोलावा लागत नाही. रस्त्यावरून तळ्यावर जा, गिअर बदला, पळा, परत बदला, घरी या. चालताना तो बारीक सूर लावतो, आणि तो आवाज ऐकायला लोक गाडीच्या मागे मागे चालतात.

ब्रेकबद्दल थोडक्यात: फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक 1939 मध्ये दिले, त्याआधी सळ्या आणि जोड. तेच हायड्रॉलिक ड्रम इथे आहेत. गाडीचं वजन टनाच्या आसपास, त्याला ते पुरतात. मात्र नीट जुळवून ठेवावे लागतात आणि पुढच्या गाडीपासून अंतर ठेवून चालवावं लागतं.

इंजिनवर मात्र थांबायला हवं, कारण तुमचा मुख्य आक्षेप तिथेच आहे.

फ्लॅटहेडमध्ये व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असतात आणि हेड म्हणजे वरचं सपाट झाकण. इनटेक मधल्या खोबणीतून येतो. जळलेला वायू बाहेर काढायला फोर्डने एक्झॉस्टची वाट सिलिंडरांच्या मधून, ब्लॉकच्या पोटातून बाहेरच्या बाजूला नेली. त्यातही मधल्या दोन सिलिंडरांना मिळून एकच दार, म्हणून प्रत्येक बाजूला चार सिलिंडर आणि एक्झॉस्टची तोंडं तीन. म्हणजे आठही सिलिंडरांचा धगधगता वायू थंड करायच्या पाण्याला चाटून जातो. हे इंजिन तापतं ते त्यामुळे. इंजिनिअर म्हणून तुम्ही म्हणाल की ही मांडणीच सदोष आहे. बरोबर आहे. पण ती एवढ्या स्वस्तात ओतता आली, लाखोंनी बनली, आणि पोरांच्या हाती लागली.

मग त्या पोरांनी काय केलं? व्हॉल्व्हपासून सिलिंडरकडे जाणारी वाट हाताने घासून मोठी केली, व्हॉल्व्ह आणि बोअरमधली ब्लॉकची कड खाली उतरवली. बोअर वाढवला, मर्क्युरीचा क्रँक घातला. जास्त कॉम्प्रेशनची ॲल्युमिनियमची हेड विक एडलब्रॉक, बार्नी नवारो यांच्यासारखे लोक ओतून विकू लागले. कॅम घासण्यात एड विनफिल्डचं नाव आधीपासून होतं, नंतर एड इस्केंदेरियनचं झालं. स्टुअर्ट हिलबॉर्नने इंधन थेट फवारायची व्यवस्था केली आणि 1948 मध्ये त्याची फ्लॅटहेडवाली गाडी तळ्यावर ताशी 150 मैल गेली. यातले बरेच जण अभियांत्रिकीच्या महाविद्यालयात गेलेले नव्हते. पेट्रोल पंपामागच्या गॅरेजात ते हवेच्या प्रवाहाचं गणित हाताने शोधत होते.

तुम्ही पाहिलेल्या इंजिनावर तीन स्ट्रॉमबर्ग 97 कार्बोरेटर आहेत. त्यातला 97 हा आकडा व्हेंच्युरीच्या (कार्बोरेटरमधल्या हवेच्या अरुंद वाटेच्या) मापाचा, 0.97 इंच. तीन कार्बोरेटर लावणं सोपं, तीन एकसारखे उघडणं अवघड. तिघांना जोडणाऱ्या लिंकेजचे सांधे पाहा: कुठे ढिलेपणा नाही, दांडे सरळ, आणि पेट्रोलची नळी तांब्याची, हाताने वाकवलेली, तिन्ही वळणं एकाच मापाची. इंजिन बंद असतानाही त्या नळीवरून बांधणाऱ्याचा हात कळतो.

या अवस्थेत इंजिन दीडशेच्या आसपास अश्वशक्ती देत असेल. गाडी टनभर, त्यामुळे पळायला कुठेही कमी नाही. शेजारच्या गाडीशी शर्यत लावली तर ती हरेल. पण पाहणाऱ्यांना ठाऊक आहे की ब्लॉकला तडा नाही हे तपासायलाच किती ब्लॉक टाकून द्यावे लागतात. पाऊणशे वर्षांहून जुन्या ब्लॉकमध्ये व्हॉल्व्हच्या बैठकीपासून सिलिंडरकडे तडा गेलेला असतोच बहुधा. पाण्याच्या पोकळ्यांमध्ये कारखान्यातल्या ओतकामाची वाळू अजून अडकलेली सापडते. ती पूर्ण काढली, पाण्याचे दोन्ही पंप नीट असले, रेडिएटर चांगला आणि इग्निशन वेळेवर असलं, तर फ्लॅटहेड उन्हाळ्यात लॉस एंजेलिसच्या गर्दीतही उकळत नाही. तुम्ही लिहिलंत की मालक दोनशे मैल चालवत आला होता. मग हे काम कसं झालं आहे ते वेगळं सांगायला नको.

रंगाविषयी. काळा हा सगळ्यात निर्दय रंग आहे. पत्र्यात एखादी लाट राहिली तर प्रकाशाची रेघ तिथे मोडते. काउलपासून दारावरून मागे जाणारं ट्यूबलाइटचं प्रतिबिंब फोटोत सरळ गेलं आहे. म्हणजे पत्रा फार नेटका सरळ केला आहे. आत एकच बाक, तपकिरी रेग्झिन, सरळ उभ्या शिवणी. स्ट्युअर्ट-वॉर्नर कंपनीचे मीटर, 1940 च्या फोर्डचं स्टिअरिंग. बाकी काही नाही, आणि काही नकोच आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तुम्ही प्रश्नात "गंजलेल्या हॉट रॉड" चाही उल्लेख केलात. गंजका पत्रा, उघडे वेल्ड, बसायला बिअरचं पिंप, गिअरच्या दांड्यावर कवटी, या गाड्यांना रॅट रॉड म्हणतात. त्या बनवणाऱ्यांना त्यात आनंद असेल, पण त्याला पारंपरिक म्हणणं मला मान्य नाही. 1950 च्या पोराची गाडी प्रायमरमध्ये असायची ती पगार पुरला नाही म्हणून. पैसे साठले की तो आधी रंग मारायचा. नंतरच्या वर्षांत कित्येक जण सीमेपलीकडे तिहुआनाला जाऊन बाक शिवून आणायचे, कारण तिथे ते स्वस्तात आणि सुबक व्हायचं. आपली गाडी चांगली दिसावी ही त्यांची धडपड होती.

दुसऱ्या टोकाचाही दोष असतो: अतिरेकी सफाई. चॅसीचा प्रत्येक सांधा गुळगुळीत, प्रत्येक नट क्रोमचा. 1950 मध्ये असं कोणी करत नव्हतं, आणि अशी गाडी चालवायला मालक घाबरतो.

नवी बनवलेली बॉडी चालेल का, हाही वाद नेहमी होतो. ओहायोतली ब्रुकव्हिल कंपनी मॉडेल एच्या आणि 1932 च्या बॉडी आज नव्या पोलादात बनवते. माझं मत असं की चालेल, मालकाने ती नवी आहे हे लपवू नये एवढंच. मूळ रोडस्टर बॉडी आता थोड्याच उरल्या आहेत, आणि नव्या पत्र्यावरही तीच मेहनत लागते. फायबरग्लासच्या बाबतीत मी कडक आहे. दार लावल्यावर जो आवाज येतो तो त्यात येत नाही.

डोळा तयार करायचा असेल तर दोन गाड्यांचे फोटो शोधा. पहिली बिल नीकँपची. 1929 ची मॉडेल ए बॉडी, पण खाली 1927 च्या एसेक्स गाडीच्या पट्ट्या आणि पुढे हाताने घडवलेलं शर्यतीच्या गाडीसारखं नाक. 1950 मध्ये ओकलंडच्या प्रदर्शनात 'अमेरिकेतला सर्वांत सुंदर रोडस्टर' हा किताब पहिल्यांदा दिला गेला तो हिला. आणि तीच गाडी पुढे एल मिराजला ताशी 140 मैलांच्या वर पळाली. प्रदर्शनातली गाडी आणि शर्यतीतली गाडी वेगळी असते, ही कल्पना तेव्हा अजून रुजायची होती.

दुसरी डोन स्पेन्सरचा 1932 रोडस्टर. तिची काच पाहा: मधोमध दुमडलेली, दोन तुकड्यांची, मागे झुकलेली. जॉर्ज डुव्हालने घडवलेली ही काच क्रोमच्या चौकटीसह त्या बॉडीवर अशी बसते की फोर्डनेच दिली असावी. स्पेन्सरने ही गाडी मेक्सिकोतल्या कारेरा पानामेरिकाना या रस्त्यावरच्या शर्यतीसाठी तयार केली, म्हणून तिचे एक्झॉस्ट दगडधोंड्यांपासून वाचतील असे वर घेतलेले आहेत. 1997 मध्ये पेबल बीचच्या प्रदर्शनात, जिथे एरवी बुगाटी आणि डेलाहे उभ्या राहतात, हॉट रॉडसाठी पहिल्यांदा वेगळा वर्ग ठेवला, आणि तो हिने जिंकला. नीकँपची आणि स्पेन्सरची गाडी शेजारी ठेवून पाहिल्यात तर परंपरा म्हणजे एकसारखेपणा नाही हे तुमच्या लक्षात येईल.

शेवटी तुमचा व्यावहारिक प्रश्न: असं काही पुण्यात करता येईल का?

मूळ गाड्या आपल्याकडे आहेत. फोर्डने 1926 मध्ये भारतात कंपनी काढली होती, मुंबईतही गाड्यांची जोडणी व्हायची, आणि मॉडेल ए व फ्लॅटहेड व्ही-8 दोन्ही आपल्या रस्त्यांवर धावल्या आहेत. पण कायदा आडवा येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे निर्मात्याच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल नोंदणीकृत गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं. 2021 च्या व्हिंटेज गाड्यांच्या नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला वेगळी नोंदणी आणि व्हीए मालिकेचा क्रमांक मिळतो, पण गाडी मूळ स्वरूपात असली तरच. चॅसी, बॉडी किंवा इंजिन बदललेली गाडी त्यात बसत नाही. शिवाय, भारतात उरलेली एखादी मॉडेल ए कापून हॉट रॉड करावी असं मी कोणाला सुचवणार नाही. तिथे त्या इतक्या थोड्या आहेत की जशी आहे तशी जपण्यातच शहाणपण.

पण हे काम शिकता येतं. एखाद्या जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडे सुट्टीत उभे राहा. पाट्यांची जुळवणी, किंगपिनचं बुशिंग, ड्रम ब्रेक जुळवणं, पत्रा हातोडीने सरळ करणं, दोन कार्बोरेटर एकसारखे लावणं, हे सगळं पुण्या-मुंबईत आणि कोल्हापुरात करणारे हात अजून आहेत. साइड-व्हॉल्व्ह इंजिन असलेली जुनी जीप मिळाली तर ती उघडून बघा. फ्लॅटहेडचं पोर्टिंग, म्हणजे वायूच्या वाटा घासून मोठ्या करणं, समजायला तेवढं पुरतं. आणि पुढच्या वेळी इकडे आलात की मालकाला गाडी किती पळते हे विचारू नका, ती कोणत्या सालाची धरून बांधली ते विचारा. तो बोनेट काढेल आणि तासभर तुमच्याशी बोलत बसेल.